तेहतीसवर लावून ऐक

डेरी,
सोमवार, १५ नोव्हेंबर

प्रिय ओरन,

पार्सलमध्ये आपल्या गाण्यांची तबकडी आहे, पण ती आधी लावू नकोस. आधी हे वाचून काढ. पाकीट फोडलं की तुला धीर धरवत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र वर ठेवलंय आणि तबकडी टॉवेलात गुंडाळून खाली. कारखान्याकडून नमुन्याच्या पाच तबकड्या शनिवारी आल्या. मधलं लेबल कोरं पांढरं. एका बाजूला तुझं 'झाकण', दुसऱ्या बाजूला आमची 'किटली', दोन्ही बँड बारा वर्षांनी एका ताटात. शुक्रवारपर्यंत होकार कळवला की पाचशे निघतील, आणि एकदा निघाल्या की त्यात कानामात्रा बदलता येणार नाही. आपल्या ड्रमवाल्या मॅलकीने सकाळपासून तीनदा फोन केला. हा माणूस बस चालवतो की नुसते फोन करतो, देव जाणे. मी त्याला सांगितलं, अजून ऐकलीच नाही. खोटं सांगितलं. ऐकलीय, आणि मला होकार देववत नाही.

मम्मी बरी आहे, म्हणजे जेवते, रविवारी चर्चमध्ये मासला जाते, गुडघ्यांना शिव्या घालते. काहलला जाऊन नऊ महिने झाले, तरी दारात कुणीही आलं की ती आधी किटली ठेवते आणि मग विचारते, कोण आहे. गेल्या आठवड्यात मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा बसवून चहा पाजला. तिच्या या सवयीवरच तू एकोणीस वर्षांचा असताना आमच्या स्वयंपाकघरात, ओले मोजे हीटरवर वाळत टाकून, ते गाणं लिहिलंस: 'किटली ठेवलीय, ये'. तुझं अकॉर्डियन, माझं फिडल आणि माझ्या भावाचा, काहलचा गळा. सगळी रडगाणी आपण पळवत म्हणायचो. काहल म्हणायचा, हळू म्हटलं तर लोकांना कळेल की आपण खरंच रडतोय. मग गॉलवेतला तो कार्यक्रम. काहल इतका प्यायला होता की तेच कडवं चार वेळा म्हणाला, आणि तू गाणं अर्ध्यावर टाकून अकॉर्डियन पेटीत भरलंस. तू चुकलास असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. भर लोकांत माइकवरून म्हणाला, "जा रे जा! किटली मी आहे, तू नुसतं झाकण." आणि तूही असला खवट, की ग्लासगोला जाऊन नव्या बँडचं नाव 'झाकण'च ठेवलंस. तुझं पोस्टर बघून काहल पोट धरून हसला आणि मग दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

बोटीत बसलास तेव्हा तू फक्त त्याला सोडून गेला नाहीस, ओरन. मी पंचवीस वर्षांची होते, आणि आपलं काय चाललंय ते काहल सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. नंतर दर नाताळला तुझं कार्ड यायचं, मम्मीच्या नावाने, खाली 'सगळ्यांना प्रेम'. त्या 'सगळ्यांना'मध्ये मी. बारा कार्डं आहेत, ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवलीत. मला तुझा राग होता. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचे बटाटे उकडताना मी मनातल्या मनात तुला बोल लावायची, आणि घरी आल्यावर कुणी तुझं नाव काढलं तर विषय बदलायची. तो राग आत इतका मुरला की पुढे पुढे मला तो ओळखूही येईना.

ऑक्टोबरमध्ये आम्ही आमची बाजू केली. ठरवलं होतंस तूच: आम्ही तुझं 'किटली' म्हणायचं, तुम्ही काहलचं एक जुनं आणि तुझं एक नवीन. पण काहलच्या जागी गाणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज जाडाभरडा, शाळेच्या गायनात बाई मला मुलांच्या रांगेत उभं करायच्या. मॅलकीने हट्ट धरला की आपलं एकच गाणं आहे, तर आपली बाजू पंचेचाळीसच्या वेगाची करू, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, आवाज दणदणीत येतो. तुमची दोन गाणी मावायला हवीत, म्हणून तुमची बाजू संथ, तेहतीसची. म्हणताना मी रेंगाळायची, आणि हा मागून काठ्या आपटत म्हणायचा, "ओरनचं गाणं आहे बाई, बायबल नाही. पळव." मग पळवलं.

काल मास झाला, जेवण झालं, मम्मी जरा आडवी झाली, तेव्हा मी तबकडी काढली. आधी तुझी बाजू लावली. काहलचं गाणं तुम्ही जीव ओतून म्हटलंय, त्याने ऐकलं असतं तर खोड काढल्याशिवाय राहिला नसता, पण डोळे पुसत काढली असती. मग तुझं नवीन सुरू झालं. 'एक निरोप धाडला नाहीस, काहल, नुसती एक हाक.' हे आता ग्लासगोत, डब्लिनात, जिथे जाल तिथे लोक पाय आपटत म्हणणार, आणि माझा भाऊ दर वेळी मरताना ताठा न सोडणारा ठरणार. पुढे ऐकवेना. सुई उचलली, तबकडी उलटी केली, आणि त्या गडबडीत वेगाचा खटका बदलायला विसरले. माझी बाजू तेहतीसवर फिरायला लागली. ओरन, काहल गायला लागला. गाणं मंद झालं, माझा आवाज खाली उतरला आणि उतरता उतरता त्याचाच झाला. स्टेजवरचा नव्हे. न पिता, भांडी विसळताना, आपल्याच तंद्रीत गुणगुणायचा, तो. 'किटली ठेवलीय, ये.' मम्मी आतून अनवाणी आली, दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काहल आला का गं?" मी खटका कसा बदलणार होते? गाणं संपेपर्यंत दोघी तशाच उभ्या होतो. मग ती आत गेली आणि तिने किटली ठेवली.

आता ते सांगते, जे सांगायला नऊ महिने तोंड उघडलं नाही. फेब्रुवारीत त्याला हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो पिवळाधमक झाला होता, डोळेसुद्धा. सोमवारी त्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "ओरनला सांग, किटली ठेवलीय." एवढंच. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले, फोन काढला, तुझं नाव समोर आणलं. आणि मला वाटलं, माझ्यासाठी बारा वर्षांत आला नाही, आता याच्या एका शब्दावर धावत येईल. मी बटण दाबलं नाही. कॉफीच्या यंत्रापाशी पाच मिनिटं उभी राहिले, आत आले आणि म्हणाले, सांगितलं, बघतो म्हणाला. मला वाटलं, उद्या करीन. अजून वेळ आहे असं डॉक्टरही म्हणत होते, पण डॉक्टरांच्या माथी कशाला मारू. मंगळवारी त्याने विचारलं, फोन आला का. बुधवारीही विचारलं. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "कामात असेल," आणि भिंतीकडे तोंड केलं. गुरुवारी पहाटे गेला. मग तू आलास. बाहेरच्या खोलीत त्याला ठेवलं होतं, हातात जपमाळ. त्या हातावर हात ठेवून तू कितीतरी वेळ उभा राहिलास. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालास, "ब्रोना, त्याने नुसती हाक मारली असती ना, मी पोहत आलो असतो." मी म्हणाले, सँडविच घे, अंड्याचं आहे. तू घेतलंस. उभ्या उभ्या खाल्लंस. त्याच ओट्यापाशी तू म्हणालास की त्याच्या नावाने दोन्ही बँडची एक तबकडी काढू, आणि मी मान हलवली.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले तर मी पुन्हा काहीतरी सँडविच पुढे करीन, मला माझा भरवसा नाही. तबकडी काढ आणि माझी बाजू तेहतीसवर लाव. वरातीमागून घोडं आहे हे मला कळतं, पण निरोप तुझा आहे आणि तो त्याच्या आवाजात तुझ्यापर्यंत पोचायला हवा. त्याने मला माफ केलं म्हणून तो आवाज आला, असलं काही मनात आणू नकोस. मी कालपासून अकरा वेळा ऐकलंय, तो तुलाच बोलावतो, माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मम्मीला मी काही सांगितलेलं नाही, ते तुझ्या हातात आहे. मला बोल, बोलू नकोस, पुन्हा तोंड बघू नकोस, जे करशील ते बरोबरच असेल. पण शुक्रवारी तुझं ते गाणं असंच छापायला जाऊ देऊ नकोस. कारखान्याकडून महिनाभर मागून घेते, मॅलकीला काय सांगायचं ते मी बघेन. गाणं काढू नकोस, ओरन, गाणं चांगलं आहे. फक्त पुन्हा एकदा म्हण, आणि जिथे काहल म्हणतोस तिथे ब्रोना म्हण. दोन्ही नावं सारखीच लांब आहेत, चालीत नीट बसतं. मी म्हणून बघितलंय.

म्हणायचा हक्क राहिला नाही, तरी तुझीच,
ब्रोना