हजर की गाजर

३ एप्रिल

राजीनामा लिहून झाला. चार ओळी. सत्तावीस वर्षं चार ओळींत मावली — कमाल आहे!

लेकीला दाखवला. ती खुर्ची ओढून माझ्या समोर बसली. हल्ली माझ्याशी बोलायचं तर समोरच बसावं लागतं. म्हणाली, "आई, डावा कान गेला, उजवा अर्धा उरलाय. मशीन लाव ना. शाळा कशाला सोडतेस?" मी म्हटलं, मशीन लावलेली बाई सातवीच्या वर्गात? कार्टी टपूनच बसलेली असतात!

मग तिने तह केला. सुट्टी संपेपर्यंत राजीनाम्याचं पाकीट द्यायचं नाही. आणि तोवर या वर्षात जे जे आवडलं ते लिहून काढायचं. हट्टीपणात माझ्यावर गेलीय, दुसरं काय.

लिहिते. शाळेत अजून कुणाला कळलेलं नाही. कळायच्या आत बाहेर पडायचं, एवढंच माझं मागणं आहे.

४ एप्रिल

सगळ्यात आवडती आठवण? माझ्या सातवी-बची हजेरी!

वर्षाच्या सुरुवातीला हा वर्ग म्हणजे मासळीबाजार होता. सहामाही झाली आणि पोरांना काय झालं कोण जाणे. नंबर पुकारला की उठून उभं राहायचं, हात वर, माझ्याकडे बघून "हजर". बेचाळीसच्या बेचाळीस जण. एकानेही कधी आळस केला नाही.

खेळाचे सर मला विचारत होते, "बाई, माझ्या तासाला हीच पोरं छप्पर डोक्यावर घेतात. तुम्ही असा काय दम भरता?" मी नुसती हसले. पण अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू!

७ एप्रिल

आज पाण्याची गोष्ट. सहामाहीच्या आधीची.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पाणी पिऊन येऊ?" मला ऐकू आलं, गाणी लिहून देऊ? मी म्हटलं, "दे, पण दोनच कडवी!" वर्ग हसून हसून लोळला. मीही हसले, आणि पाठ फिरवून उगाच फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

दुसऱ्या दिवशी त्या गुलामाने खरंच दोन कडवी आणून दिली.
"नळाला पाणी येईना,
बाई मला जाऊ देईना —"
पुढे यमक जुळलं नव्हतं. कागद अजून माझ्या कपाटात आहे. इतकं गोड पोर!

त्याच संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते.

८ एप्रिल

पेपर तपासले. एकाने 'कानामात्रा' ऐवजी 'कानामित्रा' लिहिलंय. अर्धा गुण द्यावासा वाटला. दिला.

१२ एप्रिल

रेडिओबद्दल लिहायलाच हवं.

तोंडाला विश्रांती नाही म्हणून वर्गाने तिचं नाव रेडिओ ठेवलं. सहामाहीनंतर स्वतःहून शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आली. म्हणे, "बाई, मला फळा दिसत नाही." आणि तिथून मागच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगायची! मागून कुणी प्रश्न विचारला की ही तोच प्रश्न मोठ्यांदा पुन्हा म्हणणार. रोज! एकदा मी वैतागून म्हटलं, "तू त्याची वकील आहेस का?" मान खाली घातली. पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच.

प्रगतिपुस्तकात लाल शाईने शेरा दिला — 'दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालते.' तरीही लाडकी. पोरीत कपट नाही.

१७ एप्रिल

लेक विचारते, एवढी भीती कसली? तिला सांगितलं नाही. इथे लिहिते.

मी स्वतः सातवीत असताना आम्हाला भूगोलाचे एक सर होते. कानाने अधू. हजेरीला आम्ही 'हजर'च्या जागी 'गाजर' म्हणायचो. सर मन लावून खूण करायचे. अख्खा वर्ग गाजर, गाजर! ही युक्ती माझी होती. एक दिवस सरांनी वर बघितलं. माझ्याकडेच. मग मान खाली घालून पुढची खूण केली. पुढच्या वर्षी ते शाळेत नव्हते.

करावे तसे भरावे. माझ्या वर्गात कुणी गाजर म्हटलं तर मला कळणारसुद्धा नाही. ते माझ्याने सोसवणार नाही.

२९ एप्रिल

निकाल दिला. रेडिओने शेरा वाचला आणि प्रगतिपुस्तक दप्तरात घातलं. सगळे गेल्यावर परत आली. "बाई, पुढच्या वर्षी सातवी-बला तुम्हीच ना? माझी धाकटी बहीण येतेय." ही धाकटी म्हणजे शाळेची ट्रान्झिस्टर!

मी म्हटलं, बघू.

"बघू नाही बाई. नक्की सांगा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

१४ जून

पाकीट पर्समध्ये ठेवलं. उद्या हजेरी झाली की मोठ्या बाईंच्या टेबलावर.

१५ जून

नवा वर्ग. एक ट्रान्झिस्टर सोडली तर सगळे चेहरे अनोळखी. एक नंबर पुकारला. मुलगा उठला, हात वर, माझ्याकडे बघत "हजर". दोन नंबर, तसंच. तीन. चार. पार शेवटपर्यंत! मी यांना आज पहिल्यांदा बघतेय.

"हे कुणी शिकवलं रे तुम्हाला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पहिल्या बाकावरून ट्रान्झिस्टर उठली, अगदी माझ्या समोर येऊन उभी राहिली, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली —

"ताईने सांगितलंय, बाईंना कळू द्यायचं नाही."

पाकीट फाडलं. शनिवारी लेकीबरोबर मशीन आणायला जाईन. पण त्याआधी, उद्याच, आठवीच्या वर्गात जाऊन रेडिओचं प्रगतिपुस्तक मागायचंय. शेरा खोडायचाय. लाल शाईनेच.