धडक्याची रायफल

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी वहिनीला हाक मारशील आणि विचारशील, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायला गेलं की तू दोन विनोद करतोस, गिऱ्हाईक आलंय म्हणतोस आणि फोन ठेवतोस, म्हणून लिहायला बसले. आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात कापडावर खुणा करायला वापरतो तो जाड पेन आणलाय. अक्षर मोठं काढतेय आणि ओळी सुट्या सुट्या ठेवतेय, म्हणजे तुला तुझं तुला वाचता येईल. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसून वाच. वहिनीला वाचून दाखवायला लावू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

तुझ्या भाच्याला एअर रायफल घ्यायची आहे. आमचा धडक्या नेमबाजी शिकतोय हे तुला मागे सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालास, जो पोरगा घरातल्या घरात टेबलाला धडकतो त्याच्या हातात बंदूक देताय, शेजाऱ्यांना आधी दुसरं घर बघायला सांगा. आम्ही सगळे हसलो होतो. पण तो खरंच चांगला निघाला. क्लबच्या रायफली म्हणजे सगळ्यांच्या हाताखालून गेलेल्या, एकीचा घोडा ओढायला दोन माणसं लागतील आणि दुसरीचा नुसत्या शिंकेनं सुटेल. सर म्हणाले, याला आता स्वतःची हवी, महागडी नको, पण अंगाला बसणारी हवी.

ह्यांना तर विषयच मिळाला. बस डेपोत लावून घरी आले की फोनवर रायफलीच बघत बसतात. ह्यांचं म्हणणं, नळी वाकवून भरायची ती साधी स्प्रिंगची घ्यावी, नवी कोरी मिळते आणि खिशालाही झेपते. सर म्हणतात, त्या स्प्रिंगला झटका असतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत रायफल हलते आणि पोराला वाटतं आपलाच हात हलला. सुरुवातीलाच मनात शंका बसते. त्यापेक्षा हवेच्या टाकीची, वापरलेली बघा. आता त्या टाकीलाही वय असतं म्हणे, तारीख उलटली की ती बदलायची, नाहीतर स्वस्तात घेतलेली महागात पडते. हे ऐकून ह्यांचा चेहरा असा झाला की जणू सासऱ्यांनी हुंड्यात सदोष बस दिली.

शेवटी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदार बडबड्या, पण माणूस बरा. पुढे शिकायला गेलेल्या एका मुलीची रायफल त्याच्याकडे विकायला आली होती, हलकी, टाकीची तारीख अजून लांब, खांद्याला टेकवायचा दस्ता मागेपुढे सरकवता येणारा. त्यानं धडक्याच्या खांद्याला ती लावली आणि नुसत्या नजरेनं मापून म्हणाला, फिट्ट. मी पर्समधून टेप काढली. कोपरापासून बोटापर्यंत मापलं, दस्ता मापला आणि त्याला म्हटलं, काका, बाही लांब आहे, दोन बोटं आत घ्या. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं दस्ता आत सरकवला, पुन्हा लावून बघितला आणि म्हणाला, ताई, रविवारी दुकानात बसायला येता का?

धडक्या मात्र आमच्याकडे बघतच नव्हता. रायफलीवरच्या मागच्या बारीक भोकाला डोळा लावून समोरच्या भिंतीवरचा काळा ठिपका धरून बसला होता. मग तसाच डोळा लावून त्यानं दुकानदाराला विचारलं, यातून बघताना सगळ्यांनाच एवढंच दिसतं का? दुकानदार म्हणाला, हो रे बाबा, सगळ्यांना एवढंच, मोठमोठ्यांनासुद्धा. दादा, पोरगा इतका खूश झाला. मला कळेना की यात खूश होण्यासारखं काय आहे. म्हणजे, कळेना असं मी ह्यांना म्हणाले.

मला ते कळलं होतं, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात मी क्लबमध्ये त्याला आणायला गेले होते. सर बाकीच्या आईबापांसमोर त्याचं कौतुक करत होते. नेम धरायच्या जागेशेजारी, बाजूच्या भिंतीवर, एक लाल दिवा आहे. तो लागला की सगळ्यांनी थांबायचं आणि रायफल खाली ठेवायची. त्या दिवशी दिवा लागला, सगळ्यांनी रायफली ठेवल्या आणि आमच्या चिरंजीवांनी शांतपणे एक छर्रा सोडला. बरोब्बर मधोमध. सरांनी ओरडून कान उपटला, पण आम्हाला सांगताना म्हणाले, रागावलो खरा, पण असं ध्यान मी पाहिलेलं नाही, बाजूला काय चाललंय ते याला दिसतच नाही हो! सगळे हसले. एका मुलीची आई मला म्हणाली, तुमच्या घरचं काहीतरी आम्हालाही शिकवा. मी मात्र त्या लाल दिव्याकडेच बघत राहिले.

तुझी आठवण आली म्हणून. दिवेलागणीला दूध आणायला आपल्याला पाठवायचे आणि तू माझ्या फ्रॉकचा पट्टा धरून मागून यायचास. मी पुढून सांगायची, पायरी, खड्डा, गाय. आपण त्याला आगगाडी म्हणायचो. बाबा तुला धांदरट म्हणायचे, आई म्हणायची, मुलगा विचारी आहे, त्याचं लक्ष नसतं. आणि वर्गात फळ्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर तूच वाचायचास. मग डॉक्टरांना डोळे दाखवून झाले, आणि घरी येताना बाबांनी वाटेतच तुझी सायकल विकून टाकली. त्यानंतर त्या विषयावर आपल्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही. तूही नाही. आता तू हातानं चाचपून किल्ल्या करतोस, गिऱ्हाइकाला वाटतं कारागिरी आहे, आणि तू तसं वाटू देतोस. त्याला माझी ना नाही. पण धडक्याला वाटतं, मामा नुसता विसराळू आहे, समोर धरलेला चहाचा कप घेतो आणि बाजूनं दिलेला घेत नाही.

सरांना मी त्या लाल दिव्याच्या गोष्टीनंतर दुसऱ्याच दिवशी गाठलं. म्हटलं, त्याला तो दिवा दिसला नसावा, डोळे तपासून होईपर्यंत छर्रा भरू देऊ नका. ते दचकलेच. पण माणूस समजूतदार आहे. सध्या तो रिकामी रायफल धरून कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचा सराव करतो. त्याला सांगितलंय की सगळ्या चांगल्या नेमबाजांना हे करावंच लागतं. ते खोटं नाही, पण तो चिडलाय. माझ्याकडे असा बघतो, की मीच छर्रे लपवून ठेवलेत.

मग मी त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्यांना सांगितलं, नेमबाजीसाठी दाखला लागतो. समोरचा तक्ता त्यानं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तिथली मदतनीस म्हणाली, वा, आणि मला क्षणभर वाटलं, मी मूर्ख आहे, उगीच घाबरले. नंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि कानाच्या बाजूनं एक बोट हळूहळू पुढे आणलं, दिसलं की सांग म्हणून. बोट कानापाशी होतं, तो गप्प. गालापाशी आलं, तो गप्प. मला ओरडावंसं वाटत होतं की अरे, आहे ना तिथे, बघ. ते जवळजवळ नाकासमोर आल्यावर तो म्हणाला, हां, आता. दुसऱ्या बाजूनं तसंच. बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. अंधारात पडायला होतं का, असं विचारलं तर पठ्ठ्या म्हणतो, नाही, मी अंधारात जातच नाही.

त्याला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, तुमच्या माहेरी कोणाला असं आहे का? मी पर्सची चेन लावत, उघडत बसले आणि म्हणाले, विचारून सांगते. विचारून! तुझा चेहरा डोळ्यांसमोर असताना.

गुरुवारी सकाळी मोठी तपासणी आहे. आत्ताच काही ठरलंय असं बाई म्हणत नाहीत. पण त्या म्हणाल्या, आईकडच्या माणसाचे डोळे बघता आले आणि रक्त मिळालं, तर नेमकं काय आहे ते तरी नाव घेऊन सांगता येईल, आणि पुढे काय करता येईल तेही. ह्यांना मी उद्या सांगणार आहे. कसं सांगणार, ते माहीत नाही. दुकानदाराला रायफल ठेवायला सांगितली आहे. ती घ्यायची की नाही, हे मला ठरवता येत नाही. घेतली आणि सोडावी लागली, तर काय तोंडानं समजावू? आणि नाही घेतली, तर न बोलता सगळं सांगून टाकल्यासारखं होईल. रोज शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी विचारतो, दुकानातून फोन आला का.

तर दादा, गुरुवारी तू ये. त्या लहानपणीच्या डॉक्टरांनंतर तू कधी कोणाला डोळे दाखवले नाहीस, हे वहिनीनं मला सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. माझ्यासाठी ये, असंही मी म्हणत नाही. त्याला आत बोलावून बाई जेव्हा काय ते सांगतील, तेव्हा मी रडणार आणि हे प्रश्नांवर प्रश्न विचारणार, आम्ही दोघं काही कामाचे नाही. तू त्याच्याजवळ बस. रायफलीचं त्यानं विचारलं, तर काय सांगायचं ते तुला सुचेल, मी मध्ये बोलणार नाही. कुठे बसायचं तेही तूच ठरव, कारण माणूस नेमका कुठे बसला म्हणजे त्याला दिसतो, हे आमच्यापैकी फक्त तुला माहीत आहे.

तुझीच,
बारकी