मंगळवारच्या बातम्या

बाबा, आपोआप काही जात नाही. दूध आपोआप उतू जात नाही, कुणीतरी चुलीकडे पाठ केलेली असते. होडी आपोआप सुटत नाही, कुणीतरी दोर ढिला बांधलेला असतो. आणि तू मला, स्वतःच्या लेकीला, तोंड वर न करता सांगितलंस, "आपोआप गेलं असेल, बाय." एवढं बोललास आणि परत त्या कुणाच्या तरी टीव्हीच्या पोटात सोल्डरिंग करायला लागलास. मी दुकानाच्या दारात उभी, पायाला अजून मांडवीच्या किनाऱ्याची वाळू, आणि तिकडे चौदा बायका पाट्या पालथ्या घालून त्यावर बसलेल्या, मी काय घेऊन येते म्हणून. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते "आपोआप" माझ्या कानातून जात नाही. ते बरं आपोआप जात नाही.

चौथीनंतर तू मला शाळेतून काढलीस, म्हणून हे अडखळत लिहिते आहे. कुठे चुकलं तर ती चूक तुझी.

मला तू शाळेत ठेवलं नाहीस, पण दुकानात शिकवलंस, हे मी नाकारत नाही. अठ्ठ्याण्णव साली मी बाळंतपणाला माहेरी आले होते. घरात बसून कंटाळा येतो म्हणून पोट सांभाळत दुकानात येऊन बसायचे. लोक तुला कॅसेट आणून द्यायचे, अमुक कार्यक्रम घेऊन ठेवा म्हणायचे, आणि तू टीव्ही उघडून बसलेला असायचास, म्हणून वेळ झाली की व्हीसीआरचं बटण मी दाबायचे. एक दिवस मी गिऱ्हाईकाच्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच घेतली. नवरीच्या अंगाला हळद लागते आहे आणि पुढच्या क्षणी कुणीतरी बॉल टाकतो आहे. मला हसू आलं. तू हसला नाहीस. कॅसेट माझ्या हातात दिलीस, तिच्या पाठीवरची प्लास्टिकची बारीक पट्टी दाखवलीस आणि म्हणालास, "ही मोडली की त्यावर दुसरं काय घेता येत नाय. ठेवायचं असेल त्याची पट्टी आधी मोडायची. पुसलेलं देव पण परत देत नाय." मग तू स्वतः त्या लग्नाच्या घरी गेलास, त्यांचं ऐकून घेतलंस, माझं नाव सांगितलं नाहीस. त्या दिवसापासून मी एकही कॅसेट पट्टी मोडल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात दिली नाही. म्हणजे ठेवायचं काय आणि कसं, हे मला शिकवलंस तूच. लक्षात ठेव, कारण पुढे मला त्याच्यावरूनच तुझ्याशी भांडायचं आहे.

पुढे कॅसेटी गेल्या आणि तुझं ते मशीन आलं. पॉलिटेक्निकमधले सर त्यांचा रेडिओ दुरुस्त करायला यायचे, त्यांनी तुला नादी लावलं. जुना कॉम्प्युटर, त्यात केबलची वायर घुसवायला एक कार्ड, आणि सीडीवर आणलेला एक प्रोग्राम. तू किती खूश होतास. मला दहादा सांगितलंस की हा प्रोग्राम कुण्या एका कंपनीचा नाही, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिला, फुकट वाटला, आणि आत काय लिहिलंय ते ज्याला पाहिजे त्याने उघडून बघावं. "ह्याच्या झाकणाला स्क्रू नाय गो," म्हणायचास. वेळ लावून ठेवली की रोज रात्री आठला ते स्वतः जागं व्हायचं, केबलवाल्याच्या गावच्या बातम्या अर्धा तास घ्यायचं, तारीख टाकून ओळीत ठेवायचं आणि गप्प व्हायचं. माणूस लागत नव्हता. जागा भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि नवीन घ्यायचं. जे पुसायचं नाही त्याच्यापुढे टिक करायची. कॅसेटची पट्टी मोडायची तशीच, फक्त इथे काही मोडावं लागत नव्हतं. हे सगळं तू मला दाखवलंस. टिक कशी करायची तेसुद्धा. पण मशीनला हात लावू दिला नाहीस, कारण मी सासरी सुकट वाळवून विकायची आणि हाताला तिचा वास.

आता मंगळवार. त्या साली शाळेचं गॅदरिंग झालं, माझी लेक, तुझी नात, कोळीण होऊन नाचली, आणि केबलवाल्याने ते सोमवारच्या बातम्यांत दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मासळीच्या वाळवणाच्या जागेवर नगरपालिकेच्या ऑफिसातले साहेब आले. किनाऱ्याला लागून गाड्यांसाठी पार्किंग करायचं ठरत होतं आणि आमची जागा त्यात जाणार अशी बोलणी होती. आमची म्हणजे काय, कागद कुणाकडेच नव्हता. माझी सासू तिथे बोंबील वाळत घालायची, तिची सासू घालायची, एवढाच कागद. आम्ही साहेबांना घेरून उभ्या राहिलो. केबलवाला कॅमेरा घेऊन आलेला. साहेब चांगला माणूस होता, उन्हात टोपी काढून बोलला. "ही जागा वाळवणाचीच राहील. पार्किंग पलीकडे जाईल. कुणी हात लावला तर माझं नाव सांगा." कॅमेऱ्याकडे बघून बोलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, जवळा वाळत घातलेला तसा टाकून. रात्री आठला बातम्यांत ते लागलं, मी माझ्या घरी बघितलं, तुझ्या मशीनने तुझ्या दुकानात घेतलं.

शिमग्यानंतर एक दिवस सकाळी आम्ही पाट्या घेऊन गेलो तर जागेला तारेचं कुंपण. साहेबांची तोवर बदली झालेली. नवीन साहेब म्हणाले, असं काही बोलल्याचं ऑफिसात कुठे नाही, तुमच्याकडे काही आहे का? केबलवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला की मी टेप पुन्हा पुन्हा वापरतो, जुनं ठेवून करू काय. आणि कुंपणाचं काम कुणाला मिळालं होतं, बाबा? केबलवाल्याच्या मेव्हण्याला. आणि तुझ्या दुकानात अर्ध्याहून जास्त काम कुणाकडून यायचं? केबलवाल्याकडून. त्या आठवड्यात त्याची मोटरसायकल तुझ्या दुकानासमोर दोनदा उभी होती, हे मला पानवाल्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं.

मी काही घाबरले नव्हते. मी तर खुशीत होते. सगळ्यांना म्हटलं, बसा इथेच, मी आणते. आमच्यातली सगळ्यात म्हातारी काकी म्हणाली, "बाय, तुझा बापूस साहेबाला डब्यातून काढून दाखवील ना गो?" सगळ्या हसल्या. मी बाजारपेठेपर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही, इतका जोर होता अंगात.

तू यादी उघडलीस. मला आकडे वाचता येतात. सोमवारची तारीख होती, पुढे टिक. त्याखाली बुधवार. मधला मंगळवार नाही. पुढचे सगळे दिवस आहेत, तेवढा एकच नाही. मी म्हटलं, सोमवार कसा राहिला? तर म्हणालास, त्याला टिक होती, पोरीचा नाच होता ना. आणि वर त्या यादीत आणखी कशाकशाला टिक होती ते मी बघितलं. दोन मॅची. भजनाची एक रात्र. कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन, ज्यात तू फीत धरून उभा होतास. हे सगळं ठेवलंस. मग म्हणालास की बाकीचं जुनं जाता जाता मंगळवारची पाळी आली असेल, कालपरवाच गेलं असेल. कालपरवाच! दोन महिने राहिलं आणि कुंपण पडलं त्याच आठवड्यात पाळी आली? आणि तेव्हा तू ते वाक्य बोललास, जे मी वर लिहिलं.

मी परत गेले. रिकाम्या हाताने समुद्राकडे उतरणारा तो रस्ता किती लांब होतो ते तुला माहीत नाही. कुणी ओरडलं नाही. काकी उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "तुझ्या बापसाच्या मशीनात आमची जागा गेली गो बाय. काढ आता भायेर." पुढे कितीतरी वर्षं बाजारात कुणी ना कुणी मला हे ऐकवलं, कधी हसत, कधी न हसता. आम्ही रस्त्याच्या कडेला वाळत घालायला लागलो. गाड्यांची धूळ बसली की गिऱ्हाईक सुकट हातात चोळून बघतं आणि ठेवून देतं. काकीने तो धंदाच सोडला, लेकाकडे लांज्याला गेली, तिथे काजू सोलायला. समुद्रावर जन्म काढलेली बाई काजू सोलते आहे. तिची बोटं चीक लागून काळी झालेली मी बघून आले.

त्याच उन्हाळ्यात तू एकदा माझ्या घरी आलास. सांगून नाही, असाच, दुपारी. मी तुला पाटावर बसवलं, भात आणि सरंग्याचं कालवण वाढलं. मी वाट बघत होते. तू दोनदा तोंड उघडलंस आणि दोन्ही वेळा कालवण मागितलंस. जेवलास, हात धुतलेस, नातीच्या डोक्यावरून हात फिरवलास. दारात चपला घालताना म्हणालास, "मशीनची जागा कमी पडली, मोठी घ्यायला हवी होती." मी म्हटलं, "जागा आमची पण कमी पडली." तू गेलास. मग पावसाळ्यानंतर भाऊ सांगायला आला की बाबांना दवाखान्यात नेलंय, आणि मी पोचेपर्यंत तू बोलायच्या पलीकडे. मला वाटतं तू मुद्दाम केलंस. तोंड बंद ठेवायची तुला सवय होती.

तर आता माझं भांडण असं आहे. एक तर केबलवाल्याच्या सांगण्यावरून तू स्वतः ते पुसलंस. नाहीतर तू पुसलं नाहीस, मशीनने पुसलं, पण मग तुला नाचाला टिक करायची आठवण झाली, फीत कापायला झाली, आणि चौदा घरांच्या पोटाला झाली नाही. पट्टी मोडल्याशिवाय कॅसेट देऊ नको म्हणणारा तू. पहिल्यात तू भित्रा निघतोस, दुसऱ्यात बेफिकीर. कुठला बाप घेऊ मी?

आणि हे कळण्यासारखं आहे, बाबा, हीच तर गंमत. तुझे दिवस झाल्यावर भावाने दुकान रिकामं केलं, तेव्हा पॉलिटेक्निकचे सर मशीन बघायला आले. त्यांनी मला सांगितलं की तो प्रोग्राम सगळ्याची नोंद ठेवतो. कधी काय घेतलं, कधी काय पुसलं, आणि पुसलं ते स्वतःहून जागेसाठी की माणसाने बटण दाबून, हेसुद्धा. त्यांनी कुंपण पडलं त्या आठवड्याची नोंद छापून माझ्या हातात दिली. वाचून दाखवू का म्हणाले. मी म्हटलं, नको, लेक वाचेल. दोन पानं आहेत. मंगळवारच्या तारखेची ओळ मी लगेच शोधली, आकडे मला येतात. त्यापुढे इंग्रजीत चार शब्द आहेत. लेक आता मुंबईत नोकरी करते, दिवसभर इंग्रजीतच बोलते. मी तिला अजून तो कागद दाखवलेला नाही.

का नाही, ते सांगते. हे मी त्या चौदाजणींनाही परत कधी आठवू दिलं नाही, पण त्यांना आठवत असणार. त्या मंगळवारी साहेब बोलून झाल्यावर निघाला नव्हता. म्हणाला होता, दोन ओळींचा अर्ज द्या, मी इथेच त्यावर शेरा मारून सही करतो. कुणाच्या तरी पिशवीत कागदही होता. पण अर्ज लिहायला लागणार मला, चौथीपर्यंत का होईना मीच शिकलेली, आणि एवढ्या लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर, माझं अक्षर बघणार सगळे. मी हसत म्हटलं, "कागद कशाला साहेब? माझ्या बापाच्या मशीनमध्ये आज रात्री बसणार तुम्ही बोललेलं. कागद फाटेल, ते फाटणार नाय." साहेबही हसला आणि गाडीत बसला.

म्हणून, बाबा, ते तूच पुसलंस असं निघालं तर मला बरं वाटेल. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

आता ऐक. सर्वपित्री अमावास्येला भाऊ तुझं पान वाढतो, मी आणि लेक दोघी जातो. त्या दिवशी सकाळी मी तिच्या हातात कागद देणार आहे. तोपर्यंत तुला मुदत. इंग्रजी शब्दांकडून मला ऐकायचं नाही, तुझ्याकडून ऐकायचं आहे. कसं सांगायचं ते तू बघ, मेकॅनिक तू होतास. पण अमावास्येच्या आत सांग: बटण तू दाबलंस की नाही?