खिशावर न मावणारं नाव

तीर्थस्वरूप आत्यास (पूर्ण लिहिलंय, 'ती. स्व.' असं तोडून लिहिलं की वाचणारा 'स्व.' म्हणजे स्वर्गीय समजून हळहळतो),

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत, डोकं मात्र आठवडाभर तापलंय, आणि त्याच्या मुळाशी तू आहेस. माझं नाव 'अपराजिता' तूच ठेवलंस ना, कधी न हरणारी म्हणून?

आमच्या औषधांच्या कारखान्यात पांढऱ्या कोटाच्या खिशावर दोऱ्याने नाव घालतात. सोडून गेलेल्या बाईचा कोट नवीला मिळतो, नावासकट, आणि तो फाटेपर्यंत नवीने जुनीचं नाव वागवायचं. त्यामुळे तीन वर्षं मी 'मंजुळा' आहे (मूळ मंजुळा निवृत्त होऊन नातवंडं खेळवतेय, आणि कोट काही फाटत नाही). मंजुळा म्हणजे गोड आवाजाची. माझा आवाज तुला ठाऊक आहे. सोमवारी सुपरवायझरला म्हटलं, माझं नाव घाला. तो म्हणाला, "बाई, पाच अक्षरं खिशावर मावत नाहीत." मग खिसा वाढवा, म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत मंजुळा उसवली आणि लाल दोऱ्याने स्वतःच घातलं. 'अपराजि' छातीवर आलं, 'ता' काखेत गेला. कुणी पूर्ण नाव विचारलं की हात वर करते.

सुपरवायझरने चिडून माझी फाइल काढली. आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. दवाखान्यातल्या कारकुनाने जन्माच्या दाखल्यावर 'बेबी' लिहिलं, बाबांकडून ते बदलायचं आजवर राहिलंय, आणि सगळ्या कागदांवर मी तीच आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरावा दिला नाही तर खिशावर 'बेबी' येणार. वय त्रेचाळीस, हाताखाली अकरा जणी, आणि बेबी. मंजुळा म्हणून तीन वर्षं काढली, बेबी म्हणून एक दिवस काढणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

तुझी,
अपराजिता (काखेसकट)

ता. क. खरं काम हे : हे नाव मी ठेवलं आणि घरात सगळे हिला तेच म्हणतात, असं कागदावर लिहून सही करून पाठव. (सगळे 'अपू' म्हणतात, ते लिहू नकोस.)

आणखी ता. क. लिफाफ्यावर तुझं नाव घालायला बसले आणि पेन अडलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, ताई. आई म्हणाली, वन्सं. खोदून विचारलं तर दोघांची जुंपली, एक माहेरचं नाव सांगतोय, दुसरी सासरी बदललेलं. तुला त्यातलं कुठलं आपलं वाटतं, हे कुणालाच माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही, त्याची फार लाज वाटली. शेवटी लिफाफ्यावर तुझ्या मुलाचं नाव घातलंय. कागदाखाली 'आत्या' अशी सही करू नकोस. तुझं जे आहे ते लिही.