कागदावरची उजवी बाजू

प्रिय धाकट्या,

फोनवर एवढंच सांगितलं की ऑपरेशन झालं, बाबा बरे आहेत आणि तुझ्या किडनीची गरज उरली नाही. पुढचं सगळं फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहितेय. बाबा पलीकडच्या खाटेवर घोरतायत. आईला या घोरण्याचा जन्मभराचा वैताग, आज मात्र खुर्ची जवळ ओढून ऐकत बसलीये.

माझं हॉस्पिटलातलं भाषांतराचं काम तुला ठाऊक आहेच. आमच्याकडे डॉक्टर नाना भाषांचे, त्यामुळे ऑपरेशनच्या कागदावर अवयव आणि त्याची बाजू लॅटिनमध्येच लिहायची असा दंडक. डावी ती सिनिस्टर, उजवी ती डेक्स्टर. हे भाषांतर करताना मी आधी स्वतःच्या अंगाला हात लावून बाजू बघते, कधी कमरेला, कधी कानाला. ऑफिसातले म्हणतात, बाईंना खाज सुटली. म्हणोत बापडे.

बाबांची फाइल माझ्याकडे आली नाही. घरच्या माणसाच्या कागदाला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून ती शेजारच्या टेबलावरच्या नव्या बाईंकडे गेली. बाबांच्या किडनीतल्या गाठीची बाजू रिपोर्टवरून त्यांनी बरोबर लिहिली, रेन सिनिस्टर, डावी किडनी. पण डॉक्टरांनी बाबांना गाठ समजवायला काढलेलं चित्रही फाइलमध्ये होतं. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याची डावी किडनी कागदाच्या उजव्या अंगाला. बाईंनी कागदाची बाजू धरली आणि चित्राखाली लिहिलं, रेन डेक्स्टर. झालं. एका फाइलीत दोन बाजू, म्हणजे दोन्हीकडे गाठ, असं सगळे धरून चालले. आपण रडलो, तू आपली किडनी द्यायला यायचं तिकीट काढलंस, बाबा म्हणाले, त्याची मला नको, आणि तू फोन आपटलास.

शेवटी नियम गेला खड्ड्यात म्हणत मी फाइल मागून घेतली. चित्राचं तोंड बाहेर करून ते पोटाशी धरलं, तर गाठीची खूण माझ्या डाव्या हाताशी आली. तशीच, पोटावर कागद धरून, सर्जनसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना आधी वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी तो कागद माझ्या हातून घेतला आणि पुन्हा तपासणी केली. उजवी किडनी ठणठणीत, म्हणजे डावी काढली तरी बाबांचं तिच्यावर भागणार होतं. नव्या बाई हमसून हमसून रडल्या, आणि मला त्यांच्यावर धड रागावताही येईना, इतकं हलकं वाटत होतं.

काल बाबांना सरळ विचारलं, पोराची किडनी नको म्हणण्याइतका राग धरून बसला होतात का? भिंतीकडे तोंड करून म्हणाले, राग कसला, लहानपणी त्याला इंजेक्शन टोचायचे तेव्हा मला बाहेर जावं लागायचं, माझ्यापायी त्याच्या अंगाला सुरी लागू द्यायची होय? हे तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी, म्हणूनच लिहितेय. तिकीट रद्द करू नकोस. किडनी तुझी तुझ्याजवळ राहू दे, तू मात्र ये.

तुझीच,
ताई