विहीणबाईंचं कार्ड, माझी केबल

३ नोव्हेंबर, सोमवार

दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये इस्त्रीची पिन सैल बसायची. एका दुपारी हे जेवायला घरी आले आणि मला सॉकेटसमोर उभं केलं. "माला, अर्धवट बसलेली पिन जळते. खट्ट आवाज येईपर्यंत दाबायची." मी दाबली. तोवर पिठलं खाली लागलं. तसंच खाल्लं त्यांनी. त्या दुपारचं एवढंच आठवतं.

आज नीलेशने नवं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढलं तेव्हा हे सगळं आठवलं. विटेसारखं जड आहे. ऋतिकाच्या आईने, चारुलताताईंनी, धुळ्याहून पाठवलं — जावयाला भेट. नीलेश आणि ऋतिका अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं करतात. जुन्या कॉम्प्युटरवर एकेका चित्राला दिवस लागतो. हे कार्ड चाललं की नाशिकचं मोठं काम मिळणार. काम मिळालं की दोघं धुळ्याला जाणार. "खालचा हॉल रिकामाच आहे, तिथेच ऑफिस थाटा," असं ताई म्हणाल्यात.

म्हणजे कार्ड नाही पाठवलं. बोलावणं पाठवलं!

नीलेश त्यांना मम्मी म्हणतो. मी आई. मम्मी म्हणताना त्याचा आवाज जरा लाडात येतो. ऋतिकाच्या नाही लक्षात येत. माझ्या येतं.

कार्डासोबत तीन शेपट्यांची एक जोडवायर आली आहे. ती लावली की कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण बसत नाही, वायर कार्डाच्या तोंडाशी मुडपते. तिथे मुडपली की तापते म्हणे. पॉवर सप्लायपासून थेट कार्डापर्यंत जाणारी एकच केबल हवी. मी म्हटलं, केबल माझ्याकडून.

"आई, तुला कळणार आहे का त्यातलं?"

मम्मीला कळतं. बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं त्यांनी.

४ नोव्हेंबर

नीलेशच्या खणातून सप्लायची एक जुनी केबल काढली आणि नमुना म्हणून पर्समध्ये टाकली. कुकरची रिंग नेते तशी. ब्लाउजला अस्तर जुळवायलाही मी कापड नेते, नुसता रंग सांगत नाही. आजवर कधी चुकलं नाही.

दुकानदार धनसिंग बसला होता. "मावशी, सप्लाय कोणत्या कंपनीना शे?"

"नमुना आणलाय ना. हे टोक बसायला हवं, आणि दुसरं टोक नव्या कार्डात."

"तोंड बसी जाई, मावशी. पण सप्लायवरचं नाव पाहीसन या एकदा."

मला राग आला. सगळ्यांनाच वाटतं हिला काय कळतंय! त्याच्यासमोरच टोक जुळवून पाहिलं. आठही खाचा बरोबर जुळल्या. निळ्या विणीची केबल घेतली. कॉन्व्हेंटमध्ये दोन्ही वेण्यांना आम्ही असल्याच निळ्या रिबिनी बांधायचो.

५ नोव्हेंबर

नीलेश म्हणाला, "आई, भारी आहे गं." दोनदा म्हणाला. रविवारी ताई येतील, मशीनची पूजा करतील, तेव्हाच जोडायची असं ठरलं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी ताईंचा फोन. नीलेश मोबाईल घरीच ठेवून बाहेर गेला होता म्हणून मी घेतला.

"विहीणबाई, केबल तुम्ही आणलीत म्हणे. छान केलंत. सप्लायच्याच कंपनीची आहे ना? तोंड सगळ्यांचं सारखं असतं हो, पण आतल्या तारा प्रत्येकाच्या वेगळ्या जागी. मी स्वतः एकदा अशीच दुसऱ्या कंपनीची लावली होती. बटण दाबलं नि धूर. सगळा वर्ग हसला."

मी म्हटलं, "हो हो, त्याच कंपनीची."

फोन ठेवला आणि केबलचं पाकीट पाहिलं. मग डब्यातला सप्लाय पाहिला. नावं वेगळी आहेत.

शाळेत कोणाशी खोटं बोललो तर सिस्टर ते वहीत लिहायला लावायच्या. आणि ज्याच्याशी बोललो त्याच्या हातात ती वही द्यायला लावायच्या. दुसरी कुठलीच शिक्षा नाही. वर्गातल्या मुली त्यापेक्षा छडी मागायच्या.

८ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

त्यांचंच कार्ड आहे. जळलं तर त्यांचं जळेल. नाशिक राहून जाईल. धुळं राहून जाईल. सकाळचा चहा तीन कपांचाच राहील. मी मुद्दाम थोडंच केलं? मला कुठे कळतं त्यातलं.

हे लिहिताना अक्षर नेहमीसारखंच वळणदार येतंय. त्याचीच भीती वाटते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

ताई सकाळच्या गाडीने आल्या. नारळ, हळदकुंकू, आणि माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगांची जुडी — त्यांच्या परसातली. ऋतिका आईच्या गळ्यात पडली. मी शेंगा निवडत बसले.

नीलेशने निळी केबल लावली. दाबली. खट्ट. "बाबा असते तर खूश झाले असते ना, आई?"

ताईंनी डब्याला कुंकू लावलं. नीलेशचं बोट बटणाकडे गेलं तसा त्यांनी त्याचा हात धरला. "थांबा जावईबापू. पहिला मान विहीणबाईंचा. हे घर त्यांचं आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले. बोट बटणावर ठेवलं. थंड होतं.

"काढ ती केबल," मी म्हटलं.

"काय झालं?"

"मी नुसतं तोंड जुळवून आणली. नाव बघितलं नाही. दुसऱ्याच कंपनीची आहे."

नीलेशने घाईघाईने पाकीट शोधलं. वाचलं आणि आधी केबल ओढून काढली. "आई, सगळं जळलं असतं. अगं मम्मी तुला विचारणार होती ना फोनवर?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं — मला शुक्रवारी माहीत होतं हेसुद्धा.

"विचारायचं राहूनच गेलं," ताई म्हणाल्या. "इकडच्या तिकडच्या गप्पाच जास्त झाल्या आमच्या. काय हो विहीणबाई?"

मी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे विळी मागितली आणि शेंगा चिरायला बसल्या.

१५ नोव्हेंबर

बरोबर केबल आली. काळी आहे, साधी. मशीन चाललं. नाशिकचा होकार आला. तीस तारखेला दोघं धुळ्याला जातील.

२९ नोव्हेंबर

टेम्पो उद्या सकाळी. नीलेश, कोणतं सामान कोणाचं ते इथे लिहिते आहे.

शिलाई मशीन — ऋतिकाला. पायडलचा पट्टा नवा आहे.

दीपनगरचा पितळी डबा — तुला.

बाबांचा टेस्टर — तू मागशील, पण तो चारुलताताईंना. त्यांना तो नीट धरता येतो.

निळी केबल कोणालाच नाही. ती माझ्या कपाटात राहील.

ही वही — ताईंच्या हातात द्यायची. सात आणि आठ तारखेची पानं फाडणार होते. राहू दिली आहेत.