साचा माझा, गोळ्या माझ्या

वेंडेल,

'प्रिय' लिहायला आज हात धजत नाही.

बाबांनी आपल्या दोघांना ठेवलेल्या रायफलीसाठी गोळ्यांचा साचा मी निवडला. तू म्हणालास, "ॲल्युमिनियमचा घे, बाईमाणसाला हलका बरा." मी लोखंडीच घेतला. साबणाने त्याच्यावरचं तेल धुऊन काढलं, गॅरेजचं दार उघडं टाकून शिसं वितळवलं. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, तर तू हसलास, "मनुका ओततेस का गं?" त्या मी परत भांड्यात टाकल्या आणि साचा नीट तापेपर्यंत ओतत राहिले. मग कुठे गुळगुळीत, भरीव गोळ्या पडू लागल्या.

काल मॉन्टानाभरच्या नेमबाजांसमोर तू त्याच गोळ्यांनी पहिला आलास. पंचांनी विचारलं, "कुणी ओतल्या?"

"मीच. बहिणीनं भांडी घासली."

मी चार हातांवर उभी राहून सगळ्यांना ॲपल-पाय वाढत होते, वेंडेल. मी ऐकलं.

आज सकाळी साचा मागायला आलास, तेव्हा दारातूनच म्हणाले, "तुझा तू घे विकत." तू चिडून गेलास.

पुढच्या स्पर्धेत मी नाव घातलंय. रायफल माझ्या खांद्याला लावलेली बघशील तेव्हाच तुला कळू दे, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी सख्खी बहीण,
लोरेटा